विश्लेषण : हृदयविकाराचा झटका ओसरल्यावरही ताणाची संप्रेरके हृदयाचे नुकसान कसे करतात?

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र स्नायूचे किती नुकसान होणार, हे केवळ त्या गुठळीवर ठरत नाही. झटक्यानंतर शरीर स्वतःच्या बचावासाठी जी संप्रेरके सोडते, तीच जखमी हृदयावर भार टाकतात. हा भार कमी करणारी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळी चार दशके जवळपास प्रत्येक रुग्णाला दिली जात आहे. ती सर्वांनाच हवी का, यावर २०२५ मध्ये मोठे मंथन झाले. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे रुग्णालय गाठण्यातच मोलाचा वेळ जातो, तिथे या संशोधनाचा अर्थ काय, याचा हा आढावा.

चर्चा आताच का?

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस माद्रिद येथे युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची परिषद झाली. तिथे बीटा ब्लॉकरविषयीच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी मांडले गेले. स्पेन आणि इटलीतील ‘रीबूट’ चाचणीत या गोळीचा फायदा दिसला नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कमधील चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षात काही फायदा दिसला. ‘हार्टची गोळी निरुपयोगी’ अशा आशयाचे संदेश त्यानंतर समाजमाध्यमांवर फिरू लागले. असे संदेश वाचून कोणी गोळी परस्पर बंद केली, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून ही गोळी शरीरात काय करते, हे आधी समजून घ्यायला हवे.

झटका आल्यावर हृदयाच्या स्नायूत काय घडते?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या आतल्या थरावरील मेदाची गाठ फुटते. त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि प्रवाह थांबतो. पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. साधारण २० ते ४० मिनिटांनंतर स्नायूच्या पेशी कायमच्या मरायला लागतात. आतल्या थरापासून सुरू झालेले हे मरण काही तासांत बाहेरच्या थराकडे सरकत जाते. शेतातल्या पिकाला पाणी तुटले की आधी टोकाचा वाफा सुकतो, मग हळूहळू सारे शेत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की पीक पुन्हा पेरता येते. मेलेल्या हृदयपेशींच्या जागी मात्र नवा स्नायू तयार होत नाही, तिथे व्रण उरतो. व्रण आकुंचन पावत नाही. तो जितका मोठा, तितकी हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता कमी.

ताणाची संप्रेरके नेमकी कुठे घाव घालतात?

छातीत कळ आली की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन सुटते. वाघ समोर आला असता तर याच संप्रेरकांनी माणसाला पळण्याचे बळ दिले असते. पण इथे हृदयच जखमी आहे.

हृदयपेशीच्या पृष्ठभागावर ‘बीटा ग्राही’ नावाचे प्रथिन असते. ते कुलपासारखे आणि ॲड्रेनलिन किल्लीसारखे. किल्ली लागली की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. शेवटी पेशीत कॅल्शियमचा ओघ वाढतो आणि हृदय जोरात आणि वेगाने धडधडू लागते. त्यासाठी जास्त प्राणवायू लागतो, आणि नेमका तोच तुटलेला असतो. म्हणजे टाकी रिकामी होत असताना मोटार पूर्ण वेगाने चालवण्यासारखे झाले. ज्या कडेच्या पेशी कशाबशा तग धरून असतात, त्याही या ओढीने दगावतात. जादा कॅल्शियममुळे पेशींतील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा कोलमडते आणि हृदयाची विद्युत लय बिघडते. रुग्णालयात पोहोचण्याआधी होणारे अनेक मृत्यू या बिघडलेल्या लयीमुळे होतात.

याहून गंभीर बाब स्नायूच्या आत घडते. रक्त तुटलेल्या भागातील मज्जातंतूंची टोके आपल्याजवळचा नॉरॲड्रेनलिनचा साठा रोखून धरू शकत नाहीत. प्रवाह थांबल्यानंतर काही मिनिटांत तो तिथल्या तिथे गळू लागतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्या भागातील नॉरॲड्रेनलिनचे प्रमाण रक्तातील नेहमीच्या पातळीच्या शंभर ते हजार पट झाल्याचे दिसले आहे. रुग्ण वरून शांत पडलेला दिसला, तरी त्याच्या हृदयाच्या एका कोपऱ्यात संप्रेरकांचा असा पूर आलेला असू शकतो.

भूकंपाचा आणि हृदयाचा संबंध काय?

धाराशिव जिल्ह्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येणारी नाही. गणेश विसर्जनानंतरच्या त्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूरसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा-लोहारा पट्टा, सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारच्या सुमारास. तेथील शवविच्छेदन कार्यालयाच्या नोंदींवरून संशोधकांनी १९९६ मध्ये एक निष्कर्ष मांडला. आधीच्या आठवड्यात हृदयविकाराने होणारे आकस्मिक मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते, भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. यातील बहुतेकांना ढिगाऱ्याचा स्पर्शही झाला नव्हता. त्यांच्या रक्तवाहिन्या आधीच आजारी होत्या. अचानक आलेल्या ताणाने शेवटचा धक्का दिला.

जपानमध्ये १९९० मध्ये ‘ताकोत्सुबो’ या आजाराचे वर्णन झाले. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचे टोक फुगते आणि आकुंचन पावत नाही. आक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा आकार दिसतो म्हणून हे नाव. यात मुख्य रक्तवाहिन्या बंद नसतात. गुठळी नसतानाही ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा हृदयस्नायू काही काळ निकामी करू शकतो, याचा हा पुरावा मानला जातो. जपानच्या निगाता भागात २००४ च्या भूकंपानंतर असे रुग्ण वाढल्याची नोंद आहे.

ताण म्हणजे केवळ भूकंप नव्हे. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने २००४ मध्ये घरातील, कामावरील आणि पैशाच्या सततच्या ताणाचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. याच अभ्यासातून दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना ५९ व्या वर्षी येतो, असेही पुढे आले. दुष्काळ, कर्ज आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी सोसलेल्या जिल्ह्यासाठी ही आकडेवारी परकी नाही. मात्र ताणाकडे बोट दाखवून तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेहाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. झटक्याची पायाभरणी बहुतेकदा तेच करतात.

झटका ओसरल्यानंतर पुढच्या आठवड्यांत काय होते?

स्नायूचा एक भाग गेला की उरलेल्या हृदयाला जास्त काम करावे लागते. रक्त कमी फेकले जात आहे हे शरीराला जाणवते आणि ते संप्रेरकांचा पुरवठा चालूच ठेवते. काही दिवस याचा आधार मिळतो. पण हे महिनोन्महिने चालले, तर पेशी संदेशाला बधिर होतात. ‘जीआरके-२’ नावाचे विकर बीटा ग्राहींचा आवाज बंद करू लागते. निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांत या ग्राहींची संख्या जवळपास निम्मी झाल्याचे १९८२ मध्येच दिसले होते. थकलेल्या बैलाला चाबूक मारत राहिले, तर आधी तो चालतो, मग चाबकाचाही परिणाम होईनासा होतो. दरम्यान हृदय फुगते, भिंत पातळ होते, पायावर सूज आणि चालताना धाप सुरू होते.

ज्यांच्या रक्तात नॉरॲड्रेनलिन जास्त, त्या हृदय निकामी झालेल्या रुग्णांचे आयुष्य कमी, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. पुढे २०१२ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासाने आणखी एक दुवा जोडला. झटक्यानंतर मज्जातंतूंच्या संदेशांमुळे अस्थिमज्जेतून दाह वाढवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि इतर ठिकाणच्या मेदाच्या गाठीही वेगाने वाढतात. एका झटक्यानंतर दुसऱ्याचा धोका का वाढतो, याचे एक कारण यात दिसते.

कॉर्टिसॉलची भूमिका दुहेरी आहे. ते दाह आवरते, पण दाहाची ठरावीक मात्रा जखम साफ करून व्रण मजबूत करण्यासाठी आवश्यक असते. म्हणून ‘ताणाचे संप्रेरक वाईट’ असे सरसकट म्हणता येत नाही. ते किती आणि किती काळ राहते, यावर सारे अवलंबून आहे.

बीटा ब्लॉकर सर्वांना का दिली जाऊ लागली?

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवले. कुलपात खोटी किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली लागत नाही, ही त्यामागची कल्पना. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. ग्राहींचे कार्य उलगडणारे रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले.

नॉर्वेमध्ये १,८८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८१ मध्ये आले. झटक्यानंतर टिमोलॉल घेणाऱ्यांमधील मृत्यू सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २००१ मध्ये ‘कॅप्रिकॉर्न’ चाचणीत हृदय कमजोर झालेल्या १,९५९ रुग्णांना कार्व्हेडिलॉल किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर इतरांत १५ टक्के होते. अशा पुराव्यांवर ही गोळी उपचाराचा भाग बनली.

मग नव्या चाचण्यांत वेगळे काय दिसले?

नॉर्वेची चाचणी झाली तेव्हा अँजिओप्लास्टी, स्टेंट, स्टॅटिन हे उपचार प्रचलित नव्हते. व्रण मोठे असत. आज वाहिनी लवकर उघडली, तर अनेकांचे हृदय जवळपास पूर्वीइतके काम करते. अशांना ही गोळी हवी का, हा नव्या चाचण्यांचा प्रश्न होता.

‘टूडी इको’च्या अहवालात ‘ईएफ’ असा आकडा असतो. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकतो, ते त्यातून कळते. सर्व चर्चा या आकड्याभोवती फिरते. स्वीडनच्या नेतृत्वाखाली ५,०२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२४) ईएफ ५० किंवा त्याहून अधिक असलेल्यांना बीटा ब्लॉकरचा फायदा दिसला नाही. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ७.९ टक्के, न घेणाऱ्यांत ८.३ टक्के होते. हा फरक नगण्य ठरला. ‘रीबूट’मध्ये ईएफ ४० पेक्षा जास्त असलेले सुमारे साडेआठ हजार रुग्ण होते. तिथेही एकूणात फरक नव्हता. महिलांच्या बाबतीत तर गोळी घेणाऱ्यांत धोका काहीसा जास्त दिसला. नॉर्वे-डेन्मार्कच्या ५,५७४ रुग्णांत मात्र गंभीर घटनांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले; मुख्यतः पुन्हा येणारे झटके कमी झाले.

हा विरोधाभास सोडवण्यासाठी चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. ईएफ ४० ते ४९ असलेल्या १,८८५ रुग्णांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा हृदय निकामी होणे यांचा एकत्रित धोका गोळीमुळे सुमारे एक चतुर्थांशाने घटला. ईएफ ५० किंवा अधिक असलेल्या सुमारे १७,८०० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात (नोव्हेंबर २०२५) फायदा आढळला नाही. ईएफ ४० पेक्षा कमी असलेल्यांसाठी तर ही गोळी आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही.

हे निष्कर्ष शरीरातील यंत्रणेशी जुळतात. हृदय जितके कमजोर, तितका शरीराचा संप्रेरकांचा मारा जास्त, आणि तितकाच तो अडवण्याचा फायदाही जास्त.

झटक्याच्या वेळीच औषध देऊन स्नायू वाचवता येतो का?

तर्क सांगतो, वाचवता यायला हवा. पण चीनमध्ये ४५,८५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीने (२००५) सावध केले. मेटोप्रोलॉलचे इंजेक्शन लगेच दिल्यावर हजार रुग्णांमागे पुन्हा येणारे झटके पाचने आणि जीवघेणी लय बिघडण्याचे प्रसंगही पाचने घटले. पण हृदय रक्तदाब टिकवू न शकल्याने येणारा ‘शॉक’ अकराने वाढला. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. ज्या रुग्णाचे हृदय त्या क्षणी ॲड्रेनलिनच्या आधारावरच उभे आहे, त्याचा आधार काढून घेणे घातक ठरते. स्पेनमधील २७० रुग्णांच्या चाचणीत (२०१३) निवडक रुग्णांत व्रण लहान झाल्याचे दिसले, तर ६८३ रुग्णांच्या पुढील चाचणीत (२०१६) तसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे झटका आल्यावर घरातील कुणाची तरी बीटा ब्लॉकर गोळी रुग्णाला देणे, हा उपाय नव्हे, धोका आहे.

धाराशिवमध्ये खरा प्रश्न वेळेचा का?

संप्रेरकांचा मारा थांबवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे बंद वाहिनी लवकर उघडणे. रक्त पुन्हा वाहू लागले की कळ थांबते आणि धोक्याची घंटाही. देशातील २० हजारांवर रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदींनुसार (२००८) निम्म्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले. तोवर स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो. याच नोंदींत ३० दिवसांतील मृत्यू सधनांमध्ये ५.५ टक्के, तर गरिबांमध्ये ८.२ टक्के होते. गरिबांना आवश्यक उपचार कमी मिळाले, हे त्याचे मुख्य कारण.

आठ तालुक्यांचा धाराशिव जिल्हा परांड्यापासून उमरग्यापर्यंत लांबवर पसरलेला आहे. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. तरी हृदयाच्या उपचारांसाठी अनेक कुटुंबे सोलापूर किंवा लातूरची वाट धरतात. धाराशिव शहरापासून ही दोन्ही शहरे साधारण ७० ते ८० किलोमीटरवर आहेत. वाडी-तांड्यावरून निघणाऱ्यांसाठी प्रवास याहून मोठा.

निदानानंतर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच द्यावे आणि मग रुग्णाला पुढे हलवावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. म्हणून ‘इथे नको, थेट सोलापूरला नेऊ’ हा निर्णय प्रत्येक वेळी शहाणपणाचा नसतो. आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढणे महत्त्वाचे. ग्रामीण रुग्णालयातील ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाला पाठवून उपचार ठरवण्याची ‘स्टेमी’ पद्धत राज्यात राबवली जात आहे. १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून उपलब्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश असल्याने संलग्न रुग्णालय कोणते, हे आधीच माहीत असलेले बरे.

झोप आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी यांचा काय संबंध?

‘नेचर’ नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार झटक्यानंतर मेंदू स्वतःहून गाढ झोप वाढवतो. त्या झोपेत हृदयाकडे जाणारे ताणाचे संदेश मंदावतात आणि दाह कमी होतो. उंदरांची झोप मोडली तेव्हा त्यांचे हृदय नीट सावरले नाही. झटक्यानंतरच्या आठवड्यांत झोप बिघडलेल्या रुग्णांचे पुढील आरोग्यही तुलनेने वाईट राहिले.

आपल्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की सारा गाव, पाहुणे-रावळे भेटायला येतात. माया त्यामागे असते. पण दिवसभर तीच कहाणी सांगत बसणे, कुणाला झटक्याने काय झाले हे ऐकणे, खर्चाचा हिशेब रुग्णासमोर मांडणे, याने विश्रांती मोडते. पहिले काही आठवडे भेटी मोजक्या ठेवाव्यात. रात्री शेतीची वीज आली म्हणून मोटार सुरू करायला रुग्णाने उठून जाऊ नये. झटक्यानंतर मन उदास राहणे, भूक-झोप उडणे, ‘आता काही खरे नाही’ असे वाटत राहणे हेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी लक्षात काय ठेवावे?

छातीत दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, घाम, धाप यांना पित्त किंवा गॅस समजून सोडा, ओवा घेत तास घालवू नयेत. मधुमेही, वृद्ध आणि महिलांमध्ये कळ न येता केवळ दम लागणे किंवा थकवा असू शकतो. झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत अधिक येतात, हे १९८५ पासून माहीत आहे. पहाटे वाढणारी संप्रेरके त्यामागील एक कारण आहे. म्हणून ‘उजाडू द्या, मग पाहू’ असे म्हणत थांबू नये.

बीटा ब्लॉकर चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नये. दीर्घकाळ अडवलेले ग्राही गोळी अचानक बंद होताच संप्रेरकांना अधिक तीव्र प्रतिसाद देतात. फ्रान्समधील ३,६९८ रुग्णांच्या चाचणीत (२०२४) जुन्या रुग्णांची ही गोळी थांबवणे सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले नाही. गोळी थांबवलेल्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल होण्यासह प्रतिकूल घटनांचे प्रमाण २३.८ टक्के, चालू ठेवलेल्यांत २१.१ टक्के होते. पुढच्या तपासणीला जाताना टूडी इकोचा अहवाल सोबत न्यावा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : माझा ईएफ किती आहे, ही गोळी मला कशासाठी आहे, आणि ती किती काळ घ्यायची आहे. अनियमित ठोके, उच्च रक्तदाब किंवा छातीतील कळ यांसाठीही ही गोळी दिली जाते. त्यामुळे शेजारच्याची बंद झाली म्हणून आपलीही बंद करावी, असे होत नाही.